वृंदाताई, ते चौदावं पान

वृंदाताई, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. तेराव्याला तुमच्या द्वारकेच्या घरी मी आतल्या खोलीच्या दारात बसले होते. बाहेर सोसायटीतले लोक तुमच्याबद्दल बोलत होते. सगळे चांगलंच बोलत होते, पण तुम्ही इतकी वर्षं नक्की करत काय होतात हे एकालाही धड सांगता येत नव्हतं. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम मोटिव्हेशनल स्पीकर थीं." शेजारच्या बाई म्हणाल्या, "नहीं नहीं, इंग्लिश सिखाती थीं." मला हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली. तुम्ही असतात तर त्या दोघांना आणखी बोलू दिलं असतंत. "थांब, लगेच दुरुस्त करू नकोस, आधी त्यांना काय वाटतं ते तर ऐकू," हे तुमचं नेहमीचं.

मी मात्र आज थांबणार नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि एक विचारायची आहे. सांगायची ती अशी, की अडीच वर्षांपूर्वी मी तुमच्या पाठीमागे मानेसरच्या त्या वायरिंगच्या कारखान्याला एक मेल पाठवला होता. चार ओळींचा. आमच्या वरिष्ठ ट्रेनरनी वर्गात सुरक्षेचा एक नियम चुकीचा सांगितला आणि तो दुरुस्त न करताच दिवस संपवला, असं मी त्यात लिहिलं होतं. विचारायची ती अशी, की हे तुम्हाला माहीत होतं का? आणि माहीत असेल तर एवढी वर्षं माझ्यापुढे तिळगूळ आणि चिवड्याच्या बशा ठेवताना तुमच्या मनात काय चालायचं? काल मी मानेसरला जाऊन आले. काय कळलं ते सांगते, पण क्रमाने सांगते, नाहीतर तुम्हीच म्हणाल की मंजिरी सुरुवातीलाच शेवट फोडते.

आपली पहिली भेट लक्ष्मीबाई नगरातली. कुणा अंडर सेक्रेटरींच्या घरचं हळदीकुंकू होतं. मी परभणीहून यूपीएससीसाठी राजधानीत आलेली, तिसरा प्रयत्न नुकताच वाया गेलेला, आणि रूममेटच्या मागे मागे तिथे गेले होते ते खरं सांगायचं तर वाटली डाळ आणि पन्ह्याच्या आशेने. तुम्ही सात-आठ बायकांच्या घोळक्यात बसून अगदी ठासून सांगत होतात की दर पाच वर्षांनी राज्यसभा बरखास्त होते. बायका माना डोलावत होत्या. मी हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "काकू, राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही."  माझी रूममेट मला कोपराने ढोसायला लागली. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि विचारलंत, "सोमवारी मोकळी आहेस का?" मी म्हटलं, मी रोजच मोकळी आहे. तर म्हणालात, "मग सकाळी आठला सेक्टर दहाच्या मेट्रोपाशी ये. आणि काकू म्हणू नकोस, ताई म्हण."

एवढाच माझा इंटरव्ह्यू. त्या सोमवारी मी तुमचा फ्लिपचार्टचा स्टँड खांद्यावर घेऊन गुडगावला आले आणि पुढची नऊ वर्षं तो माझ्याच खांद्यावर राहिला. घरी आई फोनवर विचारायची, "काय काम करतेस गं तू नेमकं?" मी सांगायचे, लोकांना शिकवते. "शाळेत?" नाही, ऑफिसात. "मोठ्या माणसांना काय शिकवायचं?" याचं उत्तर मला पहिलं वर्षभर देता आलं नाही.

मग मला तुमचा खडा कळला, भातात दाताखाली यावा तसा. राज्यसभा हासुद्धा खडाच होता, हे तुम्ही फार उशिरा कबूल केलंत. प्रत्येक बॅचच्या पहिल्या तासात तुम्ही एक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायचात, इतक्या ठामपणे की मलाच शंका यायची. आणि कोण अडवतं ते बघायचात. बँकेच्या काउंटरवरच्या मुलींना त्यांच्याच बँकेची वेळ चुकीची सांगायचात. हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यांना त्यांच्याच फॉर्मचा रंग. चहाच्या सुट्टीपर्यंत कुणी बोललं नाही, आणि बहुतेक वेळा कुणी बोलायचं नाहीच, तर चहानंतर तुम्ही म्हणायचात, "मैंने सुबह आपको ग़लत बताया था. आपमें से कई लोग जानते थे. बोले क्यों नहीं?" त्यानंतर जे व्हायचं ते खरं ट्रेनिंग. एकेक जण सांगायला लागायचा की मागे असं बोललो तर साहेबांनी काय ऐकवलं, कुणाची बदली कशी झाली. पन्नाशीचे गृहस्थ दहावीच्या मुलासारखे हात वर करून बोलायचे. मला वाटायचं, ही बाई एका खोट्या वाक्यावर एवढं सगळं कसं बाहेर काढते?

मी तुमच्याकडे बघून बघूनच शिकले. तुम्ही म्हणाला होतात, ज्याला बोलायचं असतं पण बोलवत नाही, त्याचे आधी पाय हलतात. ते ऐकून मी एका बॅचमध्ये टेबलांखाली इतकी बघत बसले की एका मॅडमनी घाबरून विचारलं, "कुछ गिर गया क्या?" आणि तुमचं ते मोजणं. प्रश्न विचारला की तुम्ही मनात दहापर्यंत आकडे मोजायचात, चेहऱ्यावर काही न दाखवता. मला पाचव्या आकड्यालाच घाम फुटायचा आणि मीच उत्तर देऊन मोकळी व्हायचे. गाडीत बसल्यावर तुम्ही मला झापायचात. "त्यांचं उत्तर तू का दिलंस? घाई तुला झाली होती, त्यांना नाही."

भांडणं काय कमी केली आपण? मला खेळ आवडायचे, तुम्हाला ते चीप वाटायचे. आर. के. पुरमच्या एका सरकारी कार्यालयात मी हट्टाने तो चेंडूचा खेळ घेतला, ज्याच्या हातात चेंडू त्याने स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची. चेंडू एका डायरेक्टरसाहेबांच्या हाती गेला आणि त्यांनी तो फाइलसारखा खाली सही करायला म्हणून शेजारच्या सेक्शन ऑफिसरकडे सरकवला. ते काही बोलले नाहीत, मग पुढचेही कुणी बोलले नाहीत. चेंडू मुकाट्याने बत्तीस जणांतून फिरून माझ्याकडे परत आला. परतीच्या गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "चेंडूसुद्धा थ्रू प्रॉपर चॅनेल गेला गं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आता आठवलं की त्या डायरेक्टरांचा चेहरा येतो डोळ्यांपुढे, आणि तुमचाही.

तर मानेसर. गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बनवणारा कारखाना, चाळीस लाइन सुपरवायझर, एक दिवसाचं ट्रेनिंग, विषय नव्या कामगाराला काम कसं शिकवायचं. सकाळी गाडीतच तुम्ही मला त्या दिवसाचा खडा सांगितला होतात. वायरीच्या टोकाला पितळी तुकडा चेपून बसवणारं एक प्रेस मशीन असतं, हात चुकला तर बोटाचा भुगा. नव्या कामगाराला पहिले तीन दिवस त्या मशीनला हात लावू द्यायचा नाही, नुसतं शेजारी उभं करून दाखवायचं, असा कंपनीचा नियम. तो त्यांच्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर आहे, असं तुम्हीच मला सांगितलंत. आणि वर्गात तुम्ही सांगणार होतात की एकच दिवस.

तुम्ही सांगितलंत. "नए लड़के को एक दिन दिखाइए, दूसरे दिन से बैठा दीजिए. पेज चौदह देख लीजिए." प्रत्येकाच्या पुढ्यात कंपनीची छापील पुस्तिका होती. चाळीसच्या चाळीस माना हलल्या. दोघांनी तर पुस्तिका उघडली, चौदावं पान बघितलं आणि परत मिटली. तुम्ही माझ्याकडे एक नजर टाकलीत. मला त्या नजरेचा अर्थ कळला, बघ, डोळ्यांनी वाचूनसुद्धा बोलत नाहीत. चहाच्या वेळी आपण दोघी त्यावर पंधरा मिनिटं बोललो. किती दबलेली माणसं आहेत, असंही मी म्हणाले.

चहानंतर तुम्ही खडा काढणार होतात, तेवढ्यात प्लांट हेड आले. कार्यक्रमात नव्हते, अचानक आले. त्यांनी पाऊण तास भाषण दिलं. मग तुम्ही घाईघाईने उरलेला भाग घेतलात, मग सर्टिफिकेटं, मग ग्रुप फोटो, आणि पाच वाजता कारखान्याच्या बसेस सुटल्या. टोलनाक्यावर गाडी अडकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"ताई, खडा काढायचा राहिला."

"काढला की. सर्टिफिकेटं देताना सांगितलं."

"नाही सांगितलंत."

"मंजिरी, मी गेली पंचवीस वर्षं खडा टाकते आणि काढते. सांगितलं मी."

"मी तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही नावं वाचत होतात फक्त."

तिथून जी सुरुवात झाली ती तीन आठवडे चालली. मी म्हणायचे, नुसता एक फोन करा. तुम्ही म्हणायचात, झालेल्या गोष्टीचा फोन कशाला. माझ्या डोळ्यांसमोर सारखं एक बोट यायचं. कुणीतरी नवा मुलगा, बिहारहून नाहीतर बुलंदशहरहून आलेला, कामाचा दुसरा दिवस, आणि आपण सांगितलं म्हणून मशीनवर बसवलेला. मी पोळी लाटताना माझ्याच बोटांकडे बघत बसायचे. आणि तुम्ही शांत. तुमच्या त्या शांतपणाचाच मला राग यायचा. एक दिवस रागाच्या भरात मी म्हणाले, "तुमचं वय झालंय, ताई. तुम्ही विसरायला लागलाय आणि ते तुम्हाला कबूल करायचं नाहीये." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि परत लावलात. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. अजून घ्यायचं आहे.

त्याच संध्याकाळी मेट्रोच्या ब्लू लाइनवर उभ्या उभ्या मी तो मेल टाइप केला आणि तिथल्या एचआरच्या सतबीरजींना पाठवून दिला. तुम्हाला त्यात घातलं नाही. पाठवल्यावर फार बरं वाटलं, हे खोटं सांगणार नाही. कुणाचं तरी बोट वाचवलं असं वाटलं. उत्तर आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभराने तुमच्या घरी मी तो विषय पुन्हा काढला. का काढला कोण जाणे, खाज असते एकेकाला. मी तयारीने आले होते, तुम्ही असं म्हणालात तर मी तसं म्हणेन. आणि तुम्ही हसलात. "असेल गं. विसरले असेन मी. तू म्हणतेस तेच बरोबर असेल."  तुमच्याशी भांडून मी आजवर एकदाही जिंकले नव्हते. मग तुम्ही विचारलंत, "आणखी काही सांगायचंय?" आणि थांबलात. मला माहीत होतं तुम्ही मोजताय. मीही मोजत होते. सातव्या-आठव्या आकड्याला मेलची गोष्ट अगदी ओठांवर आली होती. मी म्हणाले, "नाही, काही नाही." तुम्ही उठून चहा टाकलात. आलं जास्त घातलं होतंत.

मला वाटलं तुम्ही हरलात. मनातून थोडी आनंदलेसुद्धा.

पुढच्या वर्षी सतबीरजींचा फोन मला आला. "मैडम, इस साल आप अकेले आ जाइए." मी मनाशी त्याचा अर्थ लावला, माझ्या प्रामाणिकपणाची पावती. आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, याचाच दुसरा अर्थ असा की माझ्या चार ओळींनी तुमचं काम गेलं. मग तुम्हाला सांगायला आले. तुम्ही म्हणालात, "जा की. तिथल्या कँटीनला कढी चांगली असते." बस, एवढंच. मी वर्षभर तिथे जात राहिले. चार बॅचेस घेतल्या, संवाद, तक्रार कशी ऐकायची, असले विषय. नव्या कामगाराच्या नियमाबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुस्तिका माझ्यासमोर टेबलावर पडलेली असायची आणि मी ती उघडली नाही. तेव्हा वाटायचं, वेळ कुठे आहे. आता वाटतं, ज्या पानावरून मी तुम्हाला गुन्हेगार ठरवलं ते पान बघायचा मला धीर नव्हता.

त्यानंतर आपण एकत्र कामं घेणं हळूहळू बंदच झालं. भांडण काही नव्हतं. गणपतीला मी यायचे, संक्रांतीला यायचे, तुम्ही "काय नवीन?" विचारायचात आणि मी बॅचेसच्या गमती सांगायचे. मेलची गोष्ट सांगेन सांगेन म्हणत राहिले. तुम्ही आजारी पडलात तेव्हा हॉस्पिटलात मी दोनदा आले. दुसऱ्या वेळी पक्कं ठरवून आले होते की आज सांगायचंच. तुमच्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मास्क, सिस्टर आत-बाहेर करत होत्या, आणि मी तुम्हाला धौला कुआँच्या ट्रॅफिकबद्दल सांगून आले. वीस मिनिटं ट्रॅफिकबद्दल. तुम्ही डोळे उघडे ठेवून ऐकत होतात. मला त्या वीस मिनिटांचा फार राग येतो, ताई.

तेराव्याला सगळे गेल्यावर सई म्हणाली, "मंजिरीताई, आईची ती ट्रेनिंगवाली अलमारी तू देख ले ना. मला त्यातलं काही समजत नाही आणि कबाडीवाल्याला द्यायला दिल नाही करत." तुमच्या लेकीचं मराठी तुम्ही असतात तर दुरुस्त केलं असतंत, मी नाही केलं. मी खाली फतकल मारून बसले. सुकलेले मार्कर, रबर बँडात बांधलेले फीडबॅक फॉर्म, आणि प्रत्येक कंपनीची एकेक फाइल. मानेसरच्या फाइलमध्ये दोन पुस्तिका होत्या. एक जुनी, एक नवी. आता तरी उघडू म्हटलं. जुनीत चौदाव्या पानावर तीन दिवस. नवीत चौदाव्या पानावर एक दिवस, आणि त्या "एक दिन"च्या खाली तुमच्या पेन्सिलीची रेघ.

मी ते पान किती वेळ वाचत होते मला माहीत नाही. सई पाणी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "काय झालं? आईचं काही पर्सनल आहे का?"

म्हणजे तुम्ही वर्गात जे सांगितलंत ते बरोबर होतं. मग तुम्हाला ते सकाळीच माहीत होतं का? गाडीत तुम्ही मलाच खडा टाकला होतात का, की बघू मंजिरी तरी पुस्तिका उघडते का? की तुम्हीही माझ्यासारख्याच न बघता बोललात? आणि ही रेघ कधीची? तीन-चार दिवस मला दुसरं काही सुचेना. तुमच्यावर चिडावं की नाही हेच ठरेना, कारण कशासाठी चिडायचं तेच माहीत नव्हतं. शेवटी काल उठले आणि मानेसरला गेले. काम काही नव्हतं, सतबीरजींना तसंच सांगितलं, वृंदा मॅडमबद्दल काही विचारायचं आहे.

तुम्ही गेल्याचं त्यांना कळलेलं नव्हतं. ऐकून ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मग त्यांनी चहा मागवला. मी नवी पुस्तिका पर्समधून काढून टेबलावर ठेवली. ती बघून ते म्हणाले, "ये तो मेरी ग़लती थी जी. ट्रेनिंग से पंद्रह दिन पहले नई छपी थी. आप लोगों को पुरानी भेज दी मैंने." ट्रेनिंगच्या आधी त्यांच्याकडे नवी मशीनं आली होती, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय खालीच न येणारी. हात मध्ये जायचा प्रश्नच नाही. म्हणून तीन दिवसांचा एक दिवस झाला होता. सुपरवायझरांच्या पुढ्यात नवी पुस्तिका होती. माना हलवणारी चाळीस माणसं बरोबर होती. पान उघडून बघणारे ते दोघे तर सगळ्यात बरोबर होते. आणि आपण चहाच्या कपावर त्यांच्या भित्रेपणाबद्दल पंधरा मिनिटं हळहळलो. चहानंतर तुम्ही खडा खरंच काढला असतात तर तो त्या दिवशीचा एकमेव खोटा शब्द ठरला असता. दोन ट्रेनर, दुनियेला सांगत फिरायच्या की डोळ्यांनी बघा आणि तोंडाने बोला, आणि दोघींनी त्या दिवशी समोरची पुस्तिका उघडली नव्हती.

मी हसले नाही. मला मेलबद्दल विचारायचं होतं. शेवटी विचारलं. माझा मेल आला होता का?

"आया था. पढ़ के मैं तो घबरा गया, फिर पेज खोला तो हँसी आ गई. मैंने मैडम को फ़ोन कर दिया. अगले ही दिन आ गईं, यहीं बैठी थीं." तुम्हाला जुनी फाइल बरोबर आणायला सांगितलं होतं म्हणे. तुम्ही दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्यात. मग माझा मेल वाचलात. "बहुत हँसीं. इतना हँसीं कि बाहर से लोग झाँकने लगे. उसके बाद चुप हो गईं. काफ़ी देर."

मी विचारलं, नाराज झाल्या का?

सतबीरजी जरा थांबले. तेही तुमच्याकडूनच शिकलेत थांबायचं. "मैंने यही सोचा था. मैंने कहा, मैडम, आपकी असिस्टेंट ने आपकी शिकायत की है, मैं इनको जवाब लिख दूँ? बोलीं, शिकायत नहीं है ये. इसको डर लगा कि किसी की उँगली चली जाएगी. मुझे डर नहीं लगा. मेरा डरना बंद हो गया है. अगले साल से इसी को बुलाइए."

मी टेबलावरची पुस्तिका मिटली.

"और जाते-जाते बोलीं, बस किताब खोलने की आदत नहीं है इसकी. मेरी भी नहीं है."

मी म्हटलं, त्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही. तेव्हा सतबीरजी म्हणाले, "मुझे भी मना किया था. बोलीं, आप मत बताना, वो ख़ुद आके बताएगी मुझे, एक-दो महीने में. फिर हम दोनों बैठ के हँसेंगे."

ताई, तुम्ही चुकलात. हे मला तुम्हाला ठणकावून सांगायचं आहे. एक-दोन महिने ठीक होते. अडीच वर्षं वाट बघायची नसते. कधी तरी दहाच्या पुढे मोजणं सोडून द्यायचं आणि आपणच बोलायचं असतं. तुम्ही नुसतं म्हणाला असतात की अगं वेडे, मला माहितीये, तर मी तिथेच तुमच्या स्वयंपाकघरात रडून घेतलं असतं आणि मोकळी झाले असते. तुम्ही माझ्यावर इतका विश्वास का टाकलात? मी तशी नव्हते. मी ट्रॅफिकबद्दल बोलणारी निघाले.

आणि तुमचं काम माझ्यामुळे गेलं नाही, तुम्ही ते माझ्या हातात दिलंत, हे मला तुम्ही जिवंत असताना कळलं असतं तर मी काय केलं असतं याचा मी कालपासून विचार करते आहे. बहुतेक भांडलेच असते. म्हणाले असते, मला दया नको. तुम्ही म्हणाला असतात, दया नाही गं, मी घाबरायची थांबले म्हणजे आता दुसऱ्या कुणीतरी घाबरायला हवं. आणि मग आपण त्यावर भांडलो असतो. हे मी तुमच्या तोंडी घालते आहे, मला ठाऊक आहे. तुम्ही प्रत्यक्षात काय म्हणाला असतात ते आता मला कधीच कळणार नाही, आणि मला ते जाणून घ्यायची इतकी इच्छा आहे की जेवण जात नाही.

असो. तो मेल मी पाठवला होता, ताई. मीच. पान न बघता पाठवला, रागाने पाठवला, आणि भीतीने गप्प बसले. लहान मी होते, तेव्हा आधी मीच बोलायला हवं होतं.

काल मानेसरहून गुडगावला आले आणि मेट्रोत बसले. गाडीत गर्दी नव्हती. दोन्ही पुस्तिका मांडीवर उघडून ठेवल्या, तुम्ही ठेवल्या होत्यात तशा, शेजारी शेजारी, आणि तुम्ही सतबीरजींना म्हणाला होतात तसं हसून बघितलं. एकटीला जमलं नाही.